दगडी मळ्याचा सातबारा

फ्रान्समधल्या ल्वार नदीचं खोरं म्हटलं की पर्यटक राजेरजवाड्यांचे महाल बघायला धावतात. त्याच खोऱ्यात तूर नावाचं शहर आहे आणि शहराच्या ईशान्येला दहाएक किलोमीटरवर पार्से-मेले नावाचं गाव. एक नाव डाळीचं, दुसरं थेट तेराव्याच्या पंगतीतलं. मराठी माणसाला हसू आवरणं कठीण. पण या गावाजवळ जे उभं आहे ते बघायला महालांचा एखादा दिवस खुशाल कमी करावा.

सपाट शेतांच्या मधोमध दगडी तट, तटाला उंच कमानीची देवडी, आणि आत एक अवाढव्य इमारत. लांबून चर्च वाटतं. जवळ गेलं की कळतं, हे धान्याचं कोठार आहे. ग्रांज द मेले, म्हणजे मेलेचं कोठार. लांबी ६० मीटर, रुंदी २५ मीटर. आपल्या हिशेबात साधारण सोळा हजार चौरस फूट, तेही एका छपराखाली. १२२० च्या सुमारास मार्मूतिए मठाचा प्रमुख ह्यूग द रॉश याने ते बांधवून घेतलं. मार्मूतिए हा तूरच्या वेशीवरचा फार जुना मठ, संत मार्टिनने चौथ्या शतकात स्थापलेला. देणग्यांमधून त्याच्याकडे गावोगावच्या जमिनी जमा झाल्या होत्या आणि त्या जमिनींचं पीक कुठेतरी ठेवायला हवं होतं.

फ्रान्समधल्या अशा जुन्या मळ्यांबद्दल वाचायला घेतलं की सुरुवात कमानी, खांब, शैली, शतकं इथून होते आणि दोन पानांत माणूस कंटाळतो. मला विचाराल तर ही इमारत सातबाऱ्यासारखी वाचावी. आपल्या उताऱ्यात गाव नमुना सात सांगतो की जमीन कुणाची आणि तिच्यावर कुणाचे हक्क. नमुना बारा सांगतो की तिच्यात पिकलं काय. फ्रेंच मळ्याच्या भिंती नेमकं हेच सांगतात. फाटक, तट आणि कबुतरखाना हा त्याचा नमुना सात. कोठार हा नमुना बारा.

शब्दातच खंड

इंग्रजीतला फार्म आणि फ्रेंचमधला फेर्म हे दोन्ही शब्द आपण ‘शेत’ या अर्थाने ऐकतो. मुळात फेर्म म्हणजे शेत नव्हेच. लॅटिनमधला ‘फिर्मा’ म्हणजे पक्का ठरलेला आकडा, कराराची रक्कम. जमीन ठरीव मोबदल्यावर कसायला देणं म्हणजे फेर्म. मराठीत सरळ ‘खंड’. जो खंडाने कसतो तो फेर्मिए, आपला खंडकरी. हळूहळू खंडाने दिलेल्या मळ्यालाच फेर्म म्हणू लागले आणि मूळ अर्थ मागे पडला.

दुसरी पद्धत मेतेयाज. हा शब्द ‘अर्धा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दातून आला, म्हणजे आपली अर्धेली. पीक निघालं की मालक आणि कसणारा यांनी निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं. पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला ही पद्धत जास्त. उत्तरेच्या गव्हाच्या मुलखात मोठे खंडकरी.

हा फरक बांधकामात उतरतो. पॅरिसच्या पूर्वेला ब्री आणि नैर्ऋत्येला बोस हे गव्हाचे सपाट प्रदेश. तिथला मळा म्हणजे चारही बाजूंनी बंद चौक: एका बाजूला राहतं घर, दुसऱ्या बाजूला गोठा-तबेला, तिसऱ्या बाजूला कोठार, चौथ्या बाजूला फाटक. रस्त्याकडे नुसत्या कोऱ्या भिंती. खिडक्या सगळ्या आत उघडणाऱ्या. चौकाच्या ऐन मधोमध, जिथे आपण तुळशीवृंदावन घातलं असतं, तिथे शेणखताचा ढीग. यात गलिच्छपणा काही नव्हता. खत हीच शेताची ठेव, तेव्हा ती नजरेसमोर असलेली बरी. अर्धेलीच्या मुलखात मळे लहान, आणि वाटणीवर लक्ष राहावं म्हणून मालकाचं टुमदार घर बरेचदा जवळच. पेंढ्या मोजताना कुणाचा हात कुठे जातो हे खिडकीतून दिसलं पाहिजे!

कोठार एवढं मोठं कशाला?

या कोठारांवर ‘दीम’चं कोठार अशी पाटी हमखास दिसते. दीम म्हणजे चर्चला द्यायचा पिकाचा दहावा हिस्सा. नाव दशमांश असलं तरी दर ठिकाणागणिक बदलायचा. कुठे अकरावा भाग, कुठे तेरावा. तो रोखीत नाही, शेतात जागेवरच घेतला जाई. वसुली करणारा येऊन आपल्या पेंढ्या मोजून वेगळ्या काढेपर्यंत शेतकऱ्याने पीक घरी न्यायचं नाही, असा दंडक. आभाळ भरून आलेलं, पेंढ्या शेतात आडव्या, आणि मोजणाऱ्याचा पत्ता नाही. तो दुसऱ्या गावात मोजतोय. ही घालमेल कळायला फ्रेंच यायची गरज नाही.

पण नुसत्या दशमांशाने एवढी मोठी कोठारं भरत नसत. मठाकडे स्वतःची शेती असायची आणि तिचं पीकही इथेच यायचं. सिस्तेर्सियन पंथाने तर यावर अख्खी व्यवस्था उभी केली. १०९८ मध्ये सितो इथे सुरू झालेल्या या पंथाचा आग्रह होता की संन्याशांनी दुसऱ्याच्या कमाईवर जगू नये, स्वतः कष्ट करावेत. प्रार्थना दिवसातून अनेकदा, मग नांगर धरायचा कुणी? त्यासाठी ‘कॉनव्हेर’ नावाचे शेतकरी-बंधू ठेवले. दीक्षा साधी, काम शेतीचं, मुक्काम मठापासून दूरच्या मळ्यावर. शालिस मठाचा व्होलराँचा मळा हा त्याचा ठळक नमुना. पॅरिसच्या उत्तरेला, आजच्या शार्ल द गोल विमानतळाच्या परिसरात, तेराव्या शतकातलं ७२ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद कोठार तिथे अजून उभं आहे.

तरी आकाराचं खरं कारण हवामानात आहे. आपल्याकडे रब्बीची कापणी झाली की डोक्यावर चैत्राचं ऊन. खळं सारवायचं, मधे तिवडा रोवायचा, बैलांची पात फिरवायची, वारं सुटलं की उफणणी करायची. धान्य पोत्यात आणि कडबा गंजीत. छप्पर लागतंच कुठे? दक्षिण फ्रान्समध्येही जुन्या काळी असंच चालायचं. उघड्या खळ्यावर घोडे किंवा खेचरं फिरवून उन्हाळ्यातच मळणी उरकायची. म्हणून प्रोव्हान्सच्या बाजूला असली राक्षसी कोठारं दिसत नाहीत.

उत्तरेला गहू जुलै-ऑगस्टमध्ये कापतात आणि पाऊस कधीही येतो. पीक कापून पेंढ्या बांधून तशाच छपराखाली न्यायच्या आणि मळणी पुढे हिवाळाभर करायची. शेतात काम नसतं तेव्हा कोठारातल्या टणक जमिनीवर पेंढ्या पसरून त्या झोडपायच्या. हत्यार म्हणजे चामड्याने जोडलेल्या दोन काठ्या: लांब काठी हातात, आखूड काठी पेंढीवर. दोघं-चौघं समोरासमोर उभे राहून आळीपाळीने ताल धरत. मजुरांना हिवाळ्यात काम मिळे, आणि धान्य थोडं थोडं करून भाव बघून बाजारात सोडता येई.

म्हणजे हे कोठार धान्याचं कमी आणि काडाचं जास्त. दाणे वेगळे काढले असते तर मेलेतल्या त्या जागेचा एखादा कोपरा पुरला असता. जागा खाल्ली ती पेंढ्यांनी. हे एकदा कळलं की इमारतीचे इतर तपशील आपोआप जुळायला लागतात. दार एवढं उंच का? पेंढ्यांनी शीग लावून भरलेली गाडी थेट आत आली पाहिजे. भिंतींना अरुंद फटी का? ओलसर काड कोंडलं की तापतं आणि पेटही घेऊ शकतं, म्हणून हवा खेळती हवी. पण माणूस शिरेल एवढी फट नको. बऱ्याच कोठारांना समोरासमोर दोन दारं का? गाडी एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडते, आणि उफणायला आरपार वारा मिळतो.

वर बघा

ग्रांज द मेलेत शिरल्यावर आधी वर बघावं. आत ओक लाकडाच्या खांबांच्या चार लांबलचक रांगा आहेत, आणि त्यामुळे जागेचे पाच पट्टे पडतात. चर्चमध्ये मधला भाग आणि दोन्ही बाजूच्या ओसऱ्या असतात, तशीच ही रचना. फक्त इथे देवाऐवजी पेंढ्या. पाच पट्टे का, याचं उत्तर सुतारकामात आहे. पंचवीस मीटर रुंदी एका तुळईने ओलांडता येत नाही, तेवढं लांब आणि सरळ लाकूड मिळतच नाही. मग मधे खांब देऊन रुंदीचे तुकडे पाडायचे. कौलांचं वजन खांबांनी झेललं की बाहेरच्या भिंतींवरचा ताण कमी होतो. खांबाच्या बुडाशी दगडी बैठक, म्हणजे लाकडाला जमिनीची ओल लागत नाही. आपल्या जुन्या वाड्यांतल्या खांबाखालच्या दगडाचं कामही तेच.

सांधे नीट बघितले तर लोखंड सापडत नाही. एका लाकडाला जीभ कोरायची, दुसऱ्याला खाच, दोन्ही बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. ओक बहुतेक ओलाच वापरत. सुकताना तो आवळतो आणि सांधा अधिक घट्ट बसतो. अशा जुन्या लाकूडकामात सांध्याजवळ छिन्नीने कोरलेल्या खुणा दिसतात, रोमन आकड्यांसारख्या रेघा. सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवून बघत. प्रत्येक लाकूड वाकडंतिकडं, त्यामुळे प्रत्येक सांधा वेगळा. कुठला तुकडा कुणाचा जोडीदार हे लक्षात राहावं म्हणून खुणा करायच्या, मग सांगाडा सोडवून वर चढवायचा. लाकूड आखण्याच्या या फ्रेंच विद्येला २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. पॅरिसच्या नोत्र दामचं छप्पर १५ एप्रिल २०१९ रोजी जळालं तेव्हा तिचा उपयोगही झाला. नव्या छपरासाठी सुतारांनी पुन्हा कुऱ्हाडीने ओक तासले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च उघडलं.

मेलेचं आज दिसणारं लाकूडकाम मात्र १२२० चं नाही. इंग्रज आणि फ्रेंच यांच्या शंभर वर्षांच्या युद्धात, १४२२ साली, हे कोठार जळालं. भिंती टिकल्या, छपराचा सांगाडा पंधराव्या शतकात नव्याने चढला. तट आणि देवडी नुसती शोभेची नव्हती हे यावरून कळतं, आणि तट असूनही काय होऊ शकतं हेही कळतं. सैन्याला पैशाआधी दाणागोटा लागतो. भरलेलं कोठार म्हणजे त्या काळचं पेट्रोलचं गोदाम.

कबुतरांची मिरास

आता नमुना सातमधली सगळ्यात गमतीची नोंद. जुन्या फ्रेंच मळ्यात गोल दगडी मनोरा दिसला की तो किल्ल्याचा बुरूज समजू नका. बहुतेकदा तो कबुतरखाना असतो. मेलेच्या तटाच्या आतही असा एक आहे.

अशा कबुतरखान्यात शिरलं की डोळे अंधाराला सरावायला क्षणभर लागतो. मग दिसतं की जमिनीपासून छपरापर्यंत सगळी भिंत कोनाड्यांनी भरली आहे, मधाच्या पोळ्यासारखी. त्या प्रत्येक कोनाड्याला बुलॅं म्हणतात; एका कोनाड्यात एक जोडी. खोलीच्या मधोमध उभा खांब, तो वर-खाली खुंट्यांवर फिरतो. खांबाला आडवे हात, आणि हातांना अधांतरी बांधलेली शिडी. शिडीवर चढायचं, भिंत जरा ढकलायची की खांब फिरतो आणि शिडी पुढच्या कोनाड्यांसमोर येते. खाली न उतरता सगळा मनोरा फिरून पिल्लं गोळा करता येतात. पंख पुरते फुटायच्या आधीच्या, महिनाभराच्या पिल्लांचं मांस हे श्रीमंतांच्या ताटातलं पक्वान्न. बाहेरून भिंतीला मध्यावर दगडाची पुढे आलेली पट्टी असते. उंदीर-घुशी चढत आले की तिथे अडतात. आणि खाली साठणारी विष्ठा हे त्या काळचं सगळ्यात जोरकस खत.

बांधकाम सुरेख, पण गावकऱ्यांच्या डोळ्यात सलायचं ते वेगळ्याच कारणाने. फ्रान्सच्या मोठ्या भागात कबुतरखाना बांधायचा हक्क सगळ्यांना नव्हता. जमिनीपासून छपरापर्यंत कोनाडे असलेला मनोरा फक्त जहागीरदाराने उभारायचा. पॅरिसच्या रूढी-कायद्यात तर त्यासाठी कुठल्या दर्जाच्या जहागीरदाराकडे किती जमीन हवी इथपर्यंत नियम होते. म्हणजे मनोरा किती मोठा, यावरून मालकाचा हुद्दा आणि त्याची जमीन दोन्ही लांबूनच वाचता येत. दक्षिणेत नियम सैल होते, म्हणून तिकडे साध्या शेतकऱ्यांच्या घरांवरही लहानमोठे कबुतरखाने दिसतात.

कबुतरं मालकाची, चरायची मात्र सगळ्या गावाच्या शेतात. पेरणी झाली की थवा उतरणार आणि बी टिपणार. हाकलायचं, पण मारायचं नाही. १७८९ मध्ये राजाने देशभरातून गाऱ्हाणी मागवली तेव्हा कर, मीठ आणि शिकारीच्या बरोबरीने कबुतरंही त्या गाऱ्हाण्यांच्या वह्यांमध्ये आली. त्याच वर्षी ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क काढून टाकले, आणि त्यानंतरच्या ठरावात दुसरंच कलम कबुतरांचं आहे! कबुतरखान्याचा खास हक्क रद्द. गाव ठरवेल त्या काळात कबुतरं कोंडून ठेवायची. तेव्हा बाहेर दिसली तर ती शिकार समजायची आणि कुणीही आपल्या शेतात मारावीत. क्रांती म्हटल्यावर आपल्याला बास्तीय आणि गिलोटिन आठवतं. शेतकऱ्यांच्या लेखी तिची एक मोठी कमाई ही होती.

फेरफार

दशमांश रद्द करायचं ठरलं तेही त्याच ऑगस्टमध्ये. २ नोव्हेंबर १७८९ रोजी चर्चची सगळी मालमत्ता राष्ट्राची झाली आणि मग तिचे लिलाव सुरू झाले. शहरातल्या पैसेवाल्यांनी आणि बड्या खंडकऱ्यांनी मठांचे मळे विकत घेतले. इतका मोठा फेरफार त्या देशाच्या जमिनीने आधी कधी पाहिला नव्हता.

आता गंमत बघा. मार्मूतिएचा मठ मोठा, देखणा, कलेने नटलेला. तो विकला गेला आणि पुढच्या काळात बराचसा पाडून त्याचे दगड लोकांनी नेले. त्याच मठाचं मेलेचं कोठार मात्र राहिलं. कारण नव्या मालकालाही गहू होताच, आणि गव्हाला छप्पर लागत होतं. देवाचं घर गेलं, पेंढ्यांचं टिकलं. मठांची कोठारं बऱ्याच ठिकाणी वाचली ती कुणाच्या कलाप्रेमामुळे नाही. ती कामाची होती म्हणून.

पुढच्या नोंदी भराभर सांगतो. १८०४ च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेने मुलांना सारखा वाटा दिला, आणि वाटण्यांनी मळे चिरफाळायला लागले. ही कथा आपल्याला नवी नाही. अर्धेलीला लगाम बसला १९४६ च्या खंड-कायद्याने. कुळाला संरक्षण मिळालं आणि अर्धेलीतला मालकाचा वाटा एक तृतीयांशावर आला. मुंबई इलाख्यातला आपला कूळ कायदा १९४८ चा, म्हणजे दोनच वर्षांनी मागून आलेला.

या सगळ्यातून तगलेल्या कोठारांना शेवटी मारलं ते कंबाइन हार्वेस्टरने. हे यंत्र कापणी आणि मळणी उभ्या शेतातच उरकतं. पेंढ्या बांधणं संपलं, म्हणजे कोठार बांधण्यामागचं कारणच संपलं. ट्रॅक्टर दारातून जेमतेम शिरतो, खांबांमध्ये वळत नाही. शेतकऱ्याने मागच्या बाजूला पत्र्याची शेड ठोकली, आणि आठशे वर्षं जुनं कोठार भंगार सामानाचं झालं.

वारसा कुणाचा, खर्च कुणाचा

फ्रान्सने जुन्या वास्तूंची काळजी घ्यायला लवकर सुरुवात केली. लेखक प्रॉस्पेर मेरिमे १८३४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक झाले, पहिली यादी १८४० ची, आणि आजच्या व्यवस्थेचा पाया १९१३ चा कायदा. संरक्षणाच्या दोन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवरची वास्तू ‘वर्गीकृत’. मालक खाजगी असला तरी सरकारी परवानगीशिवाय त्याला कामाला हात लावता येत नाही. खालची पायरी ‘नोंदलेली’ वास्तू. तिथे मालकाने काम काढण्याआधी कळवायचं असतं. शिवाय अशा वास्तूभोवती साधारण ५०० मीटरपर्यंत शेजाऱ्यांच्या बांधकामावरही नजर असते. शेजाऱ्याला खिडकीचा रंग बदलायचा असेल तरी सरकारी वास्तुविशारदाचं मत आडवं येऊ शकतं. मग गावात कुरकुर होतेच.

महालाला तिकीट लावता येतं, मळ्याला कोण लावणार? आणि दीड हजार चौरस मीटर जागेवरचं कौलारू छप्पर शाकारायचं म्हणजे गहू विकून भागत नाही. म्हणून १९९६ च्या कायद्याने वारशासाठी वेगळं प्रतिष्ठान उभं राहिलं, आणि २०१८ पासून तर त्यासाठी चक्क लॉटरी निघते. लोकांनी तिकिटं खरवडायची, त्यातला वाटा पडक्या भिंतींना.

राजेशाही मळ्यांची चैन वेगळी. व्हर्सायच्या बागेत राणी मारी आंत्वानेतसाठी रिशार मीक या वास्तुकाराने १७८३ नंतर एक खेडंच वसवलं. घरं जुनी दिसावीत म्हणून भिंतींवर भेगा रंगवून घेतल्या. खऱ्या शेतकऱ्याच्या भिंतीला फुकटात पडणारी भेग राणीला विकत घ्यावी लागली! तिथे खराखुरा मळाही होता, आणि तो चालवायला माणूस आणला होता तो याच तुरेन भागातून, म्हणजे तूर शहराभोवतीच्या मुलखातून.

त्यापेक्षा मला राँबुयेचा मळा जास्त आवडतो. राणीचा नवरा राजा सोळावा लुई याने ती मालमत्ता १७८३ मध्ये घेतली आणि १७८६ मध्ये स्पेनहून मेरिनो मेंढ्या मागवल्या. कळप पायी चालत चार महिन्यांनी पोहोचला तेव्हा ३६६ जनावरं उरली होती. राजा गेला, राज्यक्रांती झाली, कळप राहिला. त्याची वंशावळ तिथे आजही सांभाळली जाते. राँबुये जातीचे मेंढे पुढे भारतातही आले. राजस्थानात अविकानगरच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या ‘भारत मेरिनो’ जातीत त्यांचं रक्त आहे. वारसा म्हणजे दरवेळी दगडच असतो असं नाही, कधी कधी तो चरतो.

मेलेच्या कोठाराचं पुढे काय झालं हे सांगायचं राहिलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रशियन पियानोवादक स्वियातोस्लाव रिख्तर तुरेनमध्ये आले होते. वाजवायला त्यांना नेहमीचं नाट्यगृह नको होतं. हे कोठार दाखवल्यावर त्यांनी दुसरी जागा बघितली नाही. १९६४ मध्ये तिथे संगीत महोत्सव सुरू झाला आणि तो अजून चालू आहे. दगडी कमानींच्या चर्चमध्ये पियानोचे सूर घुमत राहतात, एकात एक मिसळतात. लाकूड आणि कौलं यांच्याखाली ते तसे रेंगाळत नाहीत. जूनमधल्या मैफलींना लोक पेंढ्यांच्या गाड्या शिरायच्या त्याच दारातून आत येतात आणि खांबांच्या मधल्या पट्ट्यात खुर्च्यांवर बसतात.